विटकरी शेवंतीच्या फुटव्याबाबत

जबाब. दिनांक १८/०१/२००३, वेळ सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव सोजराबाई सर्जेराव सातपुते, वय ६१ वर्षे, धंदा शेती व घरकाम, शिक्षण जुनी सातवी पास, राहणार वरवंड, तालुका दौंड, जिल्हा पुणे.

मला कोणी बोलावलेले नाही. मी सकाळच्या एसटीने आपणहून ठाण्यात आले असून हवालदार मल्हारी ठोंबरे यांनी विचारल्यावरून, आणि काही ठिकाणी त्यांनी न विचारताही, सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर पती, मुलगा व सून यांच्यासह राहते. माझ्या अंगणात एकोणचाळीस कुंड्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा कुंड्या नसून डालड्याचे व तेलाचे डबे आहेत, पण आम्ही त्यांना कुंड्याच म्हणतो. गावातल्या आम्ही सहा-सात बाया दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत रोज दुपारी माझ्या अंगणात उन्हाला बसतो. कोणी गोधडी शिवते, कोणी मण्यांचे तोरण करते, आणि सगळ्या मिळून एकमेकींच्या झाडांना नावे ठेवतो. मला बी जमवण्याचा नाद आहे. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत माझ्याकडे एकशे सहा तऱ्हेचे बी आहे. हवालदार म्हणाले, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. संबंध आहे म्हणूनच सांगते.

बी आम्ही उघडपणे देतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इतर बाया प्लास्टिकच्या वाट्या लुटतात, आम्ही बियांच्या पुड्या लुटतो. शेवंतीचे मात्र तसे नाही. शेवंती मागायची नाही व द्यायची नाही. हाताने दिलेली शेवंती लागत नाही, चोरून नेलेलीच लागते, असे आमच्यात पक्के धरलेले आहे. त्याची रीत अशी की, जिला फुटवा हवा ती दुपारी येऊन कुंडीपाशी बसते व झाडाचे कौतुक करते. घरची बाई ओळखते आणि चहा टाकते म्हणून आत जाते. आत तिने कपबश्यांचा आवाज करायचा असतो, म्हणजे ती पाहत नाही हे बाहेर कळते. तेवढ्यात बुडाशी आलेला एकच फुटवा मुळासकट काढून पदरात घ्यायचा, शेवटचा कधीच घ्यायचा नाही. मग चहा प्यायचा. उपकार मानायचे नाहीत. नेलेल्या झाडाला पहिले फूल आले की ते न बोलता मूळ घरच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. फुलाच्या रंगाचा दोरा डब्याला बांधायचा, कारण आमच्यातल्या निम्म्या बायांना अक्षर येत नाही. ही रीत मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. यावरून आजपर्यंत कोणी ठाण्यात आले नव्हते.

तक्रारदार हनुमंतराव नामदेव सांडभोर हे मूळचे कवठे येमाईचे. पुण्यात कंपनीत फिटर होते. निवृत्त होऊन सहा वर्षांपूर्वी त्यांनी वरवंडला हायवेलगत घर बांधले. त्यांची पत्नी गिताबाई आमच्यात पहिल्याच हिवाळ्यात मिसळली. तिचा हात फार चांगला होता. तिच्याकडे एक विटकरी शेवंती होती, आतून पिवळी व बाहेरून भाजलेल्या विटेसारखी. तसा रंग आमच्या पंचक्रोशीत दुसरीकडे नाही. हनुमंतरावांनी तक्रारीच्या अर्जात ती शेवंती आपल्या मालकीची असल्याचे लिहिले आहे. त्याबाबत माझे म्हणणे असे की, ती त्यांची नाही. सन १९९९ च्या फेब्रुवारीत आम्ही वढू बुद्रुकला दर्शनाला गेलो असता एका चहाच्या टपरीमागे पत्र्याच्या डब्यात ती शेवंती होती. टपरीवालीने आमच्याकडे एकदा पाहिले आणि ती स्टोव्हला पंप मारत बसली. गिताबाईने फुटवा काढला. त्या वेळी मी पाळतीवर उभी होते. हा गुन्हा असेल तर मी त्यात सामील आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही. पुढच्या हिवाळ्यात पहिले फूल घेऊन गिताबाई दोन एसटी बदलून वढूला एकटी गेली होती.

गिताबाई गेल्या श्रावणात वारली. तीन आठवडे दवाखान्यात होती. जास्त काही सांगत नाही.

आमच्यात बाई गेली की तिच्या अंगणातले एकेक सगळ्यांनी न्यायचे असते, म्हणजे अंगण राहते. दिवाळीनंतर फुटवे धरू लागले तशा आम्ही एकेक जणी हनुमंतरावांकडे गेलो. मी स्वतः २८ नोव्हेंबर रोजी दुपारी पांढरी शेवंती नेली. ते पेपर वाचत होते. मी झाडाचे कौतुक केले, ते म्हणाले, "व्हय, तिचा फार जीव हुता ह्यांच्यावर," आणि डोळे पुसायला आत गेले. मला वाटले, गिताबाईने त्यांना रीत सांगून ठेवली आहे. तसे मी स्वतः जाऊन इतर बायांना सांगितले. ही चूक माझी आहे. गिताबाईने त्यांना काहीही सांगितले नव्हते. पाच-सहा वर्षे कोणी बाई आली की गिताबाई उठून आत कपबश्या वाजवायची आणि ते बाहेर पेपर वाचायचे.

म्हाळसाबाई भैरू कोळपे, वय अंदाजे ६५, हिचे नाव अर्जात आरोपी म्हणून आहे. ती आमच्या आळीच्या मागे राहते. तिच्या घरची माणसे पूर्वी मेंढरांमागे कोकणापर्यंत जायची, आता वीसेक वर्षे घर करून शेती करतात. आम्हा सगळ्यांच्या कुंड्यांना लेंडीखत तीच पुरवते. दिनांक ५ डिसेंबर रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास ती हनुमंतरावांकडे गेली व विटकरी शेवंतीपाशी बसली. त्या वेळी आत फोन वाजला म्हणून हनुमंतराव उठून गेले. म्हाळसाला वाटले, माणूस जाणता आहे, फोनचे निमित्त करून आत गेला. तिने एक फुटवा काढला. हनुमंतरावांनी फोनवर बोलता बोलता खिडकीतून ते पाहिले. पूजेला काहीतरी नेत असेल म्हणून ते त्या दिवशी गप्प राहिले.

अर्जात असेही लिहिले आहे की, डिसेंबर महिन्यात अज्ञात इसमांनी त्रास देण्याच्या हेतूने चार वेळा उंबऱ्यावर फूल ठेवले. ते अज्ञात इसम आम्ही आहोत. गेल्या हिवाळ्यात गिताबाई जिवंत असताना नेलेल्या झाडांना यंदा पहिली फुले आली. ती ठेवायची कुठे, यावर आम्ही दोन दुपारी बोललो आणि उंबरा तोच आहे असे ठरवले. पिवळे फूल माझे होते.

संक्रांतीच्या सुमारास हनुमंतरावांची विटकरी शेवंती पिवळी पडली व मेली. म्हाळसाने मुळाला धक्का लावल्याने ती मेली असे त्यांनी मनाशी धरले आणि दिनांक १६ रोजी अर्ज दिला. १७ रोजी पंचनामा झाला. पंच म्हणून माझे पती सर्जेराव होते व त्यांच्याबरोबर मी गेले. मला कोणी थांबवले नाही. मी मेलेल्या झाडाच्या कुंडीत दोन बोटे घातली. माती चिखल झाली होती व आंबट वास येत होता. मूळ काळे पडून सालपटासारखे हाताला लागले. फुटवा काढल्याने शेवंती मरत नाही, उलट आणखी धरते. हे झाड पाण्याने मेले. मी हनुमंतरावांना सर्वांसमोर म्हणाले, "त्या म्हातारीवर कशापायी आळ घेता? हे तुमच्याच हातानं मेलंय."

त्यानंतर म्हाळसाच्या अंगणातून डालड्याचा एक डबा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. तो डबा अंगणात अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल असा ठेवलेला होता व त्याला विटकरी दोरा बांधलेला होता. चोर आपल्या चोरीला खूण बांधून ती दारात मांडत नाही, याची नोंद व्हावी. येत्या रविवारी म्हाळसाची नात सोनम हिची सुपारी फुटायची आहे. पाहुणे केडगावचे आहेत. पोलिसांची जीप म्हाळसाच्या दारात उभी राहिल्याचे त्यांच्यापर्यंत पोचले आहे व त्यांनी निरोप पाठवून विचारणा केली आहे. काल संध्याकाळी मी गेले तेव्हा म्हाळसाने अंगणातल्या सगळ्या कुंड्या उचलून मागे गोठ्यात नेऊन ठेवल्या होत्या. अंगण सारवलेले होते. तिने मला चहा केला, पण कपबश्या वाजवल्या नाहीत.

म्हणून मी आज आले. म्हाळसाचे नाव लिहायचे असेल तर आधी माझे लिहावे. पांढरी मी नेली, जांभळी आमच्यातल्या रतनबाईने नेली, हनुमंतरावांना रीत ठाऊक आहे असे तिला मी सांगितले. एकटीचे नाव कागदावर राहू देणार नाही. पाहुण्यांनाही मी स्वतः जाऊन हेच सांगणार आहे.

म्हाळसा व हनुमंतराव यांना आज ठाण्यात बोलावले होते. सकाळी ओसरीवर आम्ही तिघे एकाच बाकावर बसलो होतो. समोर टेबलाखाली मुद्देमालाचा डबा होता. मी वर सांगितलेले सर्व हनुमंतरावांना सांगितले. वढूचेही सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, दवाखान्यात ती मला म्हनली हुती, शेवंतीला पानी चुकवू नका. म्या सकाळ, दुपार, संध्याकाळ घातलं. एक दिस चुकवलं न्हाई."

काल मी जे बोलले त्याचे मला फार वाईट वाटले. हवालदार म्हणाले, जबाबात वाईट वाटल्याचे लिहीत नाहीत. मी म्हणाले, लिहा. त्यांनी लिहिले आहे.

हनुमंतरावांनी डब्याकडे पाहून विचारले, "म्हंजी आता तिची एवढीच राह्यली व्हय?" मी होय म्हणाले. ते म्हाळसाकडे वळून म्हणाले, "म्हाळसाबाई, माझं चुकलं. अर्ज म्या मागं घेतो. ह्यातलं मला एक द्याल का?"

म्हाळसा कालपासून पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "दादा, दिल्यालं लागत न्हाई."

ते मान खाली घालून बसले. त्यांना वाटले, बाईने नाही म्हटले. तेव्हा म्हाळसाने हवालदारांना विचारले, "सायब, च्या मिळंल का हितं?" हवालदार मल्हारी ठोंबरे यांचे गाव मला माहीत नाही, पण त्यांच्या घरी कुंड्या असाव्यात. ते लिहायचे थांबले, पेन ठेवले आणि स्वतः आत गेले. आत पेल्यांचा आवाज झाला. चार माणसांच्या चहाला लागतो त्याहून बराच जास्त आवाज झाला. म्हाळसाने भिंतीकडे तोंड केले. मीही केले. भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो होते, त्यांखालची नावे मी वाचली.

नंतर चहा आला व आम्ही चौघांनी घेतला. कोणी कोणाचे उपकार मानले नाहीत. हनुमंतरावांनी अर्ज मागे घेत असल्याचे वेगळे लिहून दिले व सही केली. जाताना त्यांनी शर्टाचा खिसा हाताने धरलेला होता व खिशाला ओल आली होती. खिशात काय होते ते मला माहीत नाही. पायरी उतरून ते परत आले आणि मला एवढेच विचारले की, विटकरी दोरा कुठं मिळतो. मी सांगितले, शनिवारच्या बाजारात मिळतो, आज शनिवारच आहे. आणखी सांगितले की, आठवड्यातून दोनदाच पाणी.

पंचनाम्यात मुद्देमालाच्या डब्यात, लावलेला एक व त्याच्या बुडाशी नवे आलेले दोन, असे शेवंतीचे तीन फुटवे असल्याचे लिहिले आहे. डबा म्हाळसाला परत देताना मी मोजले, ते दोन आहेत. एक कमी कसा झाला हे मी पाहिलेले नाही, म्हाळसाने पाहिलेले नाही व हवालदार त्या वेळी आत होते. त्याबाबत आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. पुढच्या हिवाळ्यात म्हाळसाच्या उंबऱ्यावर कोणी विटकरी फूल ठेवून गेल्यास त्याचाही तपास करू नये.

हवालदारांनी हा जबाब मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती त्यांनी केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते. म्हाळसाला लिहिता येत नाही, पण ऐकून तिनेही बरोबर असल्याचे सांगितले. ती डबा घेऊन दारात उभी आहे, कुंड्या पुन्हा पुढच्या अंगणात मांडायच्या आहेत आणि साडेबाराची एसटी गाठायची आहे.

समक्ष: हवालदार मल्हारी ठोंबरे

सोजराबाई सर्जेराव सातपुते