डब्याची पट्टी

सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि खाटेपाशी बसलेल्या अमिताचा वेळ जाता जात नव्हता. जबलपूरच्या त्या दवाखान्यात पडद्यापलीकडून मराठी ऐकू आली, तसे तिचे कान टवकारले. शेजारच्या पेशंटला सुई द्यायला सिस्टर आल्या होत्या.

“नीलकंठकाका, मनगट दाखवा. पट्टी स्कॅन केल्याशिवाय इन्सुलिन देता येत नाही.”

“पट्टी डब्याला बांधली जी.”

“डब्याला? काहून?”

“काल डबे बदलले ना. माझा बाजूच्या खाटेवर गेला अन् त्यांची लौकीची भाजी मला आली. तुम्हीच म्हणता, पट्टी असली का एकाचं दुसऱ्याला जात नाही.”

“ते औषधासाठी, काका. दुसऱ्याची सुई तुम्हाला लागली तर?”

“सुई कोणाचीही असो, सारखीच टोचते. डब्याचं तसं नाही.”

“ज्योतीकाकू, तुम्ही तरी समजवा.”

“काय समजवू? फॅक्टरीत जनमभर यांनी खोक्यांवर लेबलंच लावली.”

“अच्छा, चलो, डबाच द्या इकडं.”

मशीन टुंई करून वाजलं.

“हे पाहा. नीलकंठ, मधुमेह, गोड बंद. तुमची शुगर उतरून नाही राहिली म्हणून डॉक्टर रोज डोस वाढवून राहिले. काकू, झाकण उघडा.”

“राहू द्या ना, सिस्टर.”

“उघडा.”

“खोव्याची जलेबी आहे.”

“सिस्टर, हा डबा माझा नाही. बाजूच्यांचा असंल.”

“आमचाच आहे,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “कालही आमचाच होता. अमिता, घेऊन ये.”