पावलांची स्पर्धा

कुणीतरी चुगली केलीय, सरळ आहे! नाहीतर ताईच्या नव्या खोलीचा पत्ता, जो आईलासुद्धा सांगितला नव्हता, तो भाऊजींना मिळालाच कसा? भाऊजी कसले — सवय जात नाही जिभेची. काल सकाळी तो माणूस दारावर लाथा घालत होता. शेजारी जमले म्हणून ती वाचली. — नाही, थांबा, बिल नंतर बघा, आधी हे घड्याळ बघा. ताईचं आहे. याच काउंटरवरून घेतलंय, तुम्हीच पट्टा बांधून दिला होतात, हसत हसत. ठोके मोजतं, झोप मोजतं, म्हणालात. बाई फिरायला कुठून निघते न् कुठे परत येते, याचा नकाशाही काढतं, हे का नाही म्हणालात? तीन आठवडे, रोज, त्याच फाटकापासून निळी रेघ सुरू, त्याच फाटकाशी संपलेली! — काय? सेटिंगमध्ये बंद करता येतं? येत असेल, सातव्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत! हात पिरगाळणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेली बाई आधी कडी लावेल की सेटिंग वाचत बसेल? — फक्त ग्रुपमधल्यांनाच दिसतं? हो, ठाऊक आहे मला. घरच्यांचा ग्रुप होता आमचा, पावलांच्या स्पर्धेचा. मीच काढलेला, तिच्या लग्नानंतर. ताईने नंबर बदलला, बँक बदलली, आणि मला म्हणाली, तेवढं ग्रुपचं तू बघ. बघितलं ना! रोज बघत होते — मी बारा हजार पावलं, तो दोन हजार, रोज शेवटून पहिला. बरं वाटायचं मला. हरू दे मेल्याला, म्हटलं, रोज हरू दे, माझ्या नावाखाली. म्हणून काढलं नाही त्याला, अजूनही. आणि तो हरत हरत नकाशा बघत — असं बघू नका माझ्याकडे! विकलंत तुम्ही! पुसून द्या हे, आत्ता, माझ्यासमोर, शेवटच्या पावलापर्यंत. ती आज पुन्हा खोली बदलतेय, टेम्पो येऊन उभा असेल, मला इथून थेट तिकडे जायचंय सामान उचलायला, आणि तुम्ही नुसते —

काय हो मावशी? दिसतेय मला रांग. बोला, तुम्हीही बोला!

"रांगेचं नाही गं. हे तुझ्या स्वतःच्या मनगटावरचं, तसलंच घड्याळ घालूनच जाणार आहेस का तिच्याकडे?"