वायर ओढू नका, विहीणबाई

सुचेता : मी फक्त वायर काढतेय, आप्पाजी. त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे?

आप्पाजी : ओढू नका विहीणबाई! थांबा की स्वल्प. दिवा चालू हाय त्याचा. आत काय तरी चाललंय.

सुचेता : आत काय चालणार? व्हिडिओ गेम आहे तो. काल संध्याकाळी कळा सुरू झाल्या, तुमचा मुलगा आणि माझी मुलगी सगळं तसंच टाकून हॉस्पिटलात पळाली. मी त्यांच्यामागे. आता कपडे न्यायला घरी आले तर हा टीव्ही अजून लखलखतोय.

आप्पाजी : खाली वॉचमन मंजुनाथ सांगत होता, "करेंट होगत्ते सर." करंट जाणार हाय. ट्रान्सफॉर्मरचं काम काढलंय म्हणे, दहाला बंद करणार.

सुचेता : म्हणूनच काढतेय. आणि खरं सांगू? महिनाभर मनात होतं माझ्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, अंथरुणातून उठायचं नाही. हिच्या हातात सदान्‌कदा ते रिमोट! वाचायला इतकी पुस्तकं आणून दिली मी, एकाला हात लावला नाही.

आप्पाजी : सुनेला एक फोन लावूया. वस्तू तिची हाय.

सुचेता : पहाटे बाळंत झालीय ती. झोपली असेल.

आप्पाजी : मग मल्हारला लावा. माझ्या मोबाइलची बॅटरी बसमध्येच संपली.

सुचेता : लावते... वाजतोय. घ्या, हिनेच उचलला. थांब गं, स्पीकरवर टाकते.

(इथून पुढे भार्गवीचा आवाज फोनमधून.)

भार्गवी : हळू बोल आई, आत्ताच डोळा लागलाय तिचा. मल्हार औषधं आणायला खाली गेलाय. आप्पाजी पोचले?

आप्पाजी : पोचलो गं पोरी, हा काय, पिशवी अजून हातातच हाय. निपाणीहून निघाल्यापासून झोप कुठली? तुमकूर यायच्या आधी मल्हारचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. शेजारच्या माणसाला उठवून सांगितलं. तो बिचारा अभिनंदन म्हणाला आणि परत घोरायला लागला.

भार्गवी : अय्यो आप्पाजी!

सुचेता : भार्गवी, ऐक. तुझा गेम चालू राहिलाय आणि लाइट जाणारे. वायर काढू ना?

भार्गवी : नाही! आई, हात नको लावूस!

सुचेता : अगं हळू, बाळ उठेल.

भार्गवी : सेव्ह केलेलं नाहीये काहीच. कालचं सगळं जाईल. आणि असा मध्येच करंट तोडला तर मशीनसुद्धा बिघडू शकतं. ते नीट बंद करावं लागतं, मी सांगते तसं. टेबलावर दोन कंट्रोलर आहेत ना, एक काळा, एक पांढरा? पांढरा तू घे, काळा आप्पाजींना दे.

सुचेता : दोन कशाला?

भार्गवी : त्या खेळात एक गाव आहे. गावातला दिवस संपला की आपोआप सेव्ह होतं. आणि दिवस कधी संपतो, तर दोघंही जाऊन झोपले की.

सुचेता : भार्गवी! काय बोलतेस? व्याही बसलेत इथे!

भार्गवी : आई गं... हसवू नकोस, टाके दुखतात. खेळातली माणसं गं! लाल टोपीवाली मी, पिवळ्या शर्टाचा मल्हार. दोघांच्या खाटा वेगळ्या आहेत, झालं समाधान?

आप्पाजी : मी काय ऐकलं नाही हो. पिवळा शर्ट मी घेतो.

भार्गवी : डावीकडची गोल दांडी अंगठ्यानं ढकला, माणूस चालायला लागेल. आई, तू नदीपाशी असशील. आप्पाजी, तुम्ही जंगलात. घर वरच्या कोपऱ्यात, लाल छपराचं.

सुचेता : वरच्या म्हणजे उत्तरेला. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, वरचा कोपरा कसला सांगतेस? अरे... चालली! लाल टोपी चालली!

आप्पाजी : माझं पोरगं झाडाला धडका मारायलंय. वळायलाच तयार नाही.

सुचेता : दांडी उजवीकडे न्या. तुमची उजवी नव्हे, त्याची. नाही नाही, तुमचीच.

आप्पाजी : पाण्यात गेलं बघा आता! शर्टासकट!

भार्गवी : घाबरू नका, बुडत नाही तो. बाहेर काढा आणि पायवाट धरा.

आप्पाजी : मल्हार लहानपणी असाच होता. दुकानात बसवला की साड्यांच्या ढिगात शिरायचा, आणि बाहेर यायची वाट सापडायची नाही. मग आतनं रडायचा.

सुचेता : सरक गं बाई, सरक! ही कोंबडी कुणाची? मध्ये मध्ये येतेय सारखी.

भार्गवी : आई, तू पळतेयस का? पाय आपटल्याचा आवाज येतोय.

सुचेता : फुलीचं बटण दाबलं की पळते ही, मला आत्ताच सापडलं. पूल ओलांडला. हे शेत. हा भोपळा केवढा गं! तू लावलास?

भार्गवी : सगळं मीच लावलंय.

सुचेता : आणि हे लाल छप्पर! पोचले मी. खाट दिसतेय.

भार्गवी : वा आई! आता गोल बटण दाब, म्हणजे ती झोपेल. मग आप्पाजी पोचले की दिवस संपला.

आप्पाजी : झोपा, झोपा तुम्ही. आम्ही मागनं येतो. आम्हाला सवयच हाय, मुहूर्त टळल्यावर पोचायची.

सुचेता : हे मला होतं.

आप्पाजी : कुणाला नव्हतं. आपलं बोललो.

सुचेता : दोन वर्षांत लग्नाचा विषय एकदाही काढला नाहीत. आज काढलात. बोला की मग.

आप्पाजी : काय बोलू? सगळ्या निपाणीकरांची बस घाटात अडकली. हॉलवर येऊन बघतो, तर अक्षता पडून गेलेल्या आणि लोक पंगतीला बसलेले. एकुलत्या एका पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायला बाप नव्हता, विहीणबाई.

सुचेता : तुमचा फोन लागत नव्हता. गुरुजी सारखे घड्याळ दाखवत होते. मल्हार म्हणत होता थांबू या, आणि माझ्याकडचे चार लोक चार बाजूंनी ओरडत होते. एकटी बाई मी, हे गेल्यानंतरचं पहिलं कार्य. मला काही सुचत नव्हतं.

आप्पाजी : हे तुम्ही कधी सांगितलं नाही.

सुचेता : तुम्ही कधी विचारलं नाही.

भार्गवी : मी सांगू, वायर ओढली असती तर काय गेलं असतं? तळ्याकाठी दोन घरं आहेत. काल दिवसभर आम्ही तीच बांधत होतो. निळं आईचं आणि शेजारचं आप्पाजींचं. आई, तुझ्या खिडकीत पृथ्वीचा गोल ठेवलाय. आप्पाजींच्या घराला पुढे दुकान आहे. साड्या मिळत नाहीत त्या खेळात, म्हणून सतरंज्या टांगल्यात. मध्ये मी कुंपण घातलं होतं. मल्हारनं ते काढून टाकलं.

सुचेता : का?

भार्गवी : म्हणाला, कुंपण त्यांच्याकडे आधीच आहे. मला काळजी वाटत होती गं आई. बारशाला एक जण या भिंतीला, एक जण त्या भिंतीला, आणि पोरगी मध्ये. असं नको होतं मला. म्हणून निदान तिथे तरी...

आप्पाजी : रडू नको पोरी. ओल्या बाळंतिणीनं रडायचं नसतं. मी निघालो बघ, पळतोच. पण ही पायवाट फिरून फिरून त्याच झाडापाशी यायलीय.

सुचेता : थांबा तिथेच. हलू नका. मी येते.

आप्पाजी : अहो पण दहा वाजत आले. तुम्ही घरी पोचलाय की!

सुचेता : वाजू देत. हा पूल, ही कोंबडी, बाजूला हो गं! हे जंगल. ती मी, लाल टोपी, दिसतेय का?

आप्पाजी : दिसली, दिसली! आली!

सुचेता : आता माझ्या मागोमाग या. डावीकडे तळं आहे, त्यात जाऊ नका.

आप्पाजी : तळं बघू तरी द्या. अरे वा! सतरंज्या बघा की विहीणबाई! दुकान झकास केलंय पोरांनी. इथल्या चिकपेटेच्या बाजारात भाडं भरूनसुद्धा अशी मोक्याची जागा मिळायची नाही.

सुचेता : माझा गोल छोटासाच आहे, पण आहे. आणि दारात पांढरी फुलं.

भार्गवी : आपल्या पुण्याच्या दारातला जाईचा वेल नव्हता त्यात. त्यातल्या त्यात जवळचं तेच मिळालं.

सुचेता : चला आप्पाजी, नंतर बघू. उत्तरेला वळा. हं, असं. आलं घर. तुमची खाट खिडकीजवळची. दाबा गोल बटण.

आप्पाजी : तुम्ही पण दाबा. दोघं बरोबरच.

सुचेता : दाबलं.

आप्पाजी : दाबलं! अंधार झाला की गं पोरी. कोपऱ्यात काय तरी गरगर फिरायलंय.

भार्गवी : फिरू दे. ते फिरतंय तोवर काहीच करायचं नाही. कुठल्या बटणालाही हात लावू नका. थांबलं की सांगा.

सुचेता : फिरतंय... फिरतंय अजून... थांबलं! कोंबडा आरवला!

भार्गवी : झालं सेव्ह! आता आई, कंट्रोलरचं मधलं बटण दाब. खाली एक पट्टी येईल, तिच्या टोकाला बंद करायची खूण आहे. तीन पर्याय येतील. त्यातला 'टर्न ऑफ' घे. वरचा 'रेस्ट' घेऊ नकोस. त्यात ते नुसतं डुलकी काढतं, आणि दिवा नारिंगी राहतो. नारिंगी असताना करंट तोडायचा नसतो.

सुचेता : टर्न ऑफ. घेतलं. टीव्ही काळा झाला.

आप्पाजी : दिवा लुकलुकायलाय अजून. पांढरा हाय... हाय... गेला! गेला बघा दिवा!

भार्गवी : सरी, बरोब्बर! आता भिंतीवरचं बटण बंद करा.

आप्पाजी : केलं. आणि हे... पंखा पण थांबला की हो.

सुचेता : गेली वाटतं लाइट.

आप्पाजी : जिंकलो, विहीणबाई! जिंकलो आपण!

सुचेता : द्या टाळी! ऐकलंस का गं? वेळेत झालं! त्या कोंबडीसकट!

भार्गवी : ऐकलं. सगळ्या वॉर्डनं ऐकलं. आई, नर्स आली, ठेवते मी. या दोघंही लवकर. आणि आई, घरी आले की रोज अर्धा तास खेळशील माझ्याबरोबर?

सुचेता : बघू. आधी डिंकाचे लाडू खायचे, मग खेळ. ठेव आता... चला आप्पाजी, तोंड धुऊन घ्या. तोवर मी दुपटी भरते आणि रिक्षा बोलावते. बसवनगुडीच्या या गल्लीत रिक्षा यायला वेळ लावतात.

आप्पाजी : हां. विहीणबाई, एक विचारू?

सुचेता : विचारा की.

आप्पाजी : मल्हार फोनवर नुसतं, मुलगी झाली, दोघी बऱ्या हायत, एवढंच म्हणाला. लगेच फोन ठेवला त्यानं, पुढं विचारायचं राहिलं. दिसायला कशी हाय?

सुचेता : केस भरपूर आहेत. नाक भार्गवीचं. हनुवटी माझ्या आईची, अगदी तशी.

आप्पाजी : म्हणजे सगळी पुण्याचीच. असू दे, असू दे. चांगलं हाय की.

सुचेता : कान तुमचे आहेत.

आप्पाजी : माझे?

सुचेता : वरून जरासे दुमडलेले. पहाटे हातात घेतली, तेव्हाच ओळखले मी.