परतीच्या वाऱ्यापर्यंत

(याप बेट. अठरावं शतक सरत आलेलं. दगडी ओट्यावर म्हातारा तामग. खाली वाळूत, नुकताच होडीतून उतरलेला मोगमोग बेटावरचा रुलमाल.)

तामग : चटया राहू देत रे तिथंच. यांगमोग कुठाय, ते सांग आधी. दर वर्षी आधी त्याची हाक येते, मग होडी दिसते.

रुलमाल : आधी ही आणलेली भेट स्वीकारा, बाबा. रीत आहे तशी.

तामग : रीत मला शिकवतोस? सात पिढ्या आमच्या घरानं तुमच्या घराला पोरं म्हटलंय. वादळात तुमचे माड झोपले की खायला कोण देतं?

रुलमाल : तुम्हीच.

तामग : हळद? बांबू? होडीचं लाकूड?

रुलमाल : तेही तुम्हीच. आमच्या वाळूत काय उगवतंय? या लुंग्या वहिनीनं विणल्यात, केळीच्या धाग्याच्या. काठ बघा तरी.

तामग : वहिनीचं कौतुक नंतर. भाऊ रुसलाय का तुझा?

रुलमाल : दादा बुडाला, बाबा.

तामग : काय बोलतोस!

रुलमाल : तीन होड्या घेऊन निघालो होतो. भर दुपार, आभाळ स्वच्छ. कुठून वारा उठला, कळलंच नाही. त्याची होडी उलटली. तो एकेकाला आमच्याकडं ढकलत राहिला. शेवटी तोच पाण्यात राहिला.

तामग : कधी झालं हे?

रुलमाल : अमावस्येनंतर चौथ्या दिवशी.

तामग : चौथ्या? नीट आठव.

रुलमाल : भाऊ गेला तो दिवस विसरेन होय?

तामग : पण उशीर का केलात एवढा? दोन महिने या ओट्यावर बसून डोळे फुटायची वेळ आली माझी. म्हातारी गेल्यापासून माझ्याशी दोन शब्द बोलायला येतंय कोण? तो यायचा, चेष्टा करायचा. म्हणायचा, बाबा, दात पडले तरी जीभ काही बोथट होत नाही तुमची.

रुलमाल : ग्वामला गेलो होतो.

तामग : ते कानावर आलं होतं. लोक म्हणाले, तुझी पोरं आता गोऱ्यांच्या दारात. मला वाटलं, नवा बाप केला.

रुलमाल : लोखंड आणायला गेलो होतो. शिंपल्याची कुऱ्हाड चालवताना तुमचे हात थरथरतात, ते दादानं पाहिलं होतं. म्हणाला, बाबांना लोखंडी पातं मिळालं की मगच यापला जायचं.

तामग : मिळालं?

रुलमाल : त्याच्या कमरेला होतं.

तामग : अरे देवा.

रुलमाल : पाणी आणू, बाबा?

तामग : नको. ऐक. त्याच अमावस्येला मी वारा बोलावणाऱ्याकडं गेलो होतो. म्हटलं, पोरं बापाला विसरलीत, जरा त्यांच्या अंगणातले माड हलव. नुसता धाक बसावा म्हणून. तीन दिवस त्यानं मंत्र घातला. चौथ्या दिवशी म्हणाला, सुटला वारा. तुम्ही ग्वामहून परतून मोगमोगलाच बसलाय असं समजत होतो रे मी!

रुलमाल : लहानपणापासून ऐकतोय आम्ही, यापच्या बापाला राग येऊ देऊ नका. दादा हसायचा. म्हणायचा, आपला म्हातारा तसला नाही.

तामग : शिव्या घाल मला.

रुलमाल : पोरानं बापाला शिव्या घालायच्या नसतात.

तामग : तोच एक होता मला, आणि त्यालाच मी खाल्लं.

रुलमाल : वहिनीला काय सांगू?

तामग : खरं ते सांग. आणि माझ्यासाठी यापुढं विणू नको म्हणावं. ऊठ आता, जा आपल्या घरी.

रुलमाल : परतीचा वारा सुटायला दोन महिने आहेत, बाबा.

तामग : तोवर राहशील कुठं?

रुलमाल : या बेटावर दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहायची परवानगी आहे का आम्हाला?

तामग : माझ्या घरात राहशील? हे सगळं ऐकून?

रुलमाल : दादा कुठल्या कोपऱ्यात निजायचा, तेवढं दाखवा.