न दुखणारी दाढ

बेंगळुरूत, बनशंकरीतल्या दातांच्या दवाखान्यात शाल्मली नंबराची वाट बघत बसली होती. पुण्याहून नुकतीच आलेली ती. शेजारी मराठी ऐकू आली आणि तिने मोबाइल खाली ठेवला. प्राध्यापक हयवदन आणि त्यांची धाकटी बहीण वसुमती बोलत होते.

"अण्णा, कुठली दाढ दुखते तुझी?"

"कुठलीच नाही गं. पण डॉक्टरांपुढे तोंड उघडं असलं की फोन घ्यावा लागत नाही. कॉलेजात वर्गाकडे निघालो की कुणीतरी मीटिंगला धरून नेतं. काल मीटिंगा कमी कशा करायच्या याची मीटिंग होती."

"मग? झाल्या कमी?"

"उपसमिती नेमली. मीच अध्यक्ष."

"अरे, मग शिकवतोस कधी?"

"परवा गेलो होतो ना वर्गात! पोरांना वाटलं, पंखा दुरुस्त करायला आलोय."

"अय्यो! मग?"

"केला दुरुस्त. स्वल्प बरं वाटलं, एक तरी काम झालं."

फोन वाजला. नाव बघून हयवदनांनी जीभ गालात कोंबली.

"प्रिन्थिपॉल थर, भूल डिलीय, बोलटा येट नाही."

"असू दे, असू दे," फोनमधला आवाज दारातूनही आला. एका हातात फोन आणि दुसरा गालावर, असे प्रिन्सिपॉल आत येत होते. हयवदन ताडकन उभे राहिले.

"सर, तुम्ही?"

प्रिन्सिपॉलांनी फोन बंद केला, शेजारच्या खुर्चीत अंग टाकलं आणि हळूच विचारलं,

"तुम्ही कुठली दाढ सांगितलीत? मी दुसरी सांगतो."