खिडकीत विसरलेली बशी

—नाही हो दादा, रागावलेली नाही मी, तुम्ही सावकाश दुरुस्त करा. काल दुपारी हे थंड कपाट बंद पडलं, आतलं पाणी अठरा अंशांवरून एकतीसवर गेलं, सगळे मीटिंगमध्ये, कुणाला पत्ता नाही—आणि तरी मी सकाळपासून हसतेय. का? या इकडे, या भिंगाला डोळा लावा. दुसरा मिटा. दिसतायत गरगरणारे ठिपके? सी अर्चिनची पिल्लं ती—समुद्रात खडकाला काटेरी गोळा चिकटलेला असतो ना, त्याची. परवा संध्याकाळी मीच अंडी फळवली. सहा बशा, प्रत्येकीतले आईबाप वेगळे. आज बघते तर पाच बशांचा नुसता गाळ, तळाला बसलेला. आणि ही सहावी—शाळा सुटल्यासारखी उधळलीय.

मॅडमना दाखवलं—आमच्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, सात वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं मी त्यांना—तर माझे हात धरून दोन गिरक्या घेतल्या त्यांनी. म्हणाल्या, हिचे आईबापच उष्णता सोसणारे, जातच निराळी. पाणबुड्याला निरोपही गेला, उद्या हिचे आईबाप जिथून आणलेस त्याच खडकावरचे आणखी पन्नास गोळे काढून आण म्हणून. आणि मला म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे गं." मी हवेतच.

हाताला कसला गुण—तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही काय, स्क्रू आवळून निघून जाणार—काल सकाळी ही बशी मी खिडकीत विसरले. आईचा फोन आला. एकसष्टाव्या वर्षी, पाचव्या खेपेला गाडीचं लायसन्स मिळालं तिला. चौथ्या खेपेला परीक्षकाच्याच स्कूटरला धडकली होती. मग काय आटपतंय बोलणं? तासभर हसत होतो दोघी, आणि बशी उन्हात. हात लावला तर कोमट. गुपचूप आत ठेवली, वहीत लिहिलं नाही. आज मॅडमनी विचारलं, सगळ्या बशा सारख्याच ठेवल्या होत्यास ना? हो म्हणाले. सहज निघून गेलं तोंडातून.

आणि गंमत बघा, त्या तासानंच वाचवलं असणार यांना. आधी थोडा चटका बसला की पेशी सावध होतात, स्वतःला सांभाळणारी प्रथिनं करून ठेवतात—मग मोठा चटका निभावून नेतात. म्हणजे खडकाचा, जातीचा संबंधच नाही, आहे तो आईच्या फोनचा. नव्या बशा घेऊन अर्ध्या मुद्दाम तासभर उन्हात ठेवल्या की उद्या-परवा कळेलच. पण मॅडमना कुठे ठाऊक आहे ऊन—त्या तर जातीबद्दल सगळीकडे लिहून पाठवायला बसल्यात, आणि ते पन्नास गोळे उगीचच—

असे का बघताय? कळलं मला. बोलता बोलताच कळलं.

दादा, पाना ठेवा तो खाली. पाच मिनिटं बाहेर थांबा, आणि दार ओढून घ्या जाताना. हसू नका हो, मला आणखी हसू येतं.

हॅलो, मॅडम? आधी पाणबुड्याला थांबवा. नाही, नाही, बशी छान आहे. मॅडम, काल सकाळी मी—