उलटा बाण

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. बहिणीच्या मांडीवर परीक्षेचं पुस्तक उघडं होतं. मागच्या बाकावर नवऱ्यासाठी ताटकळत, विणत बसलेल्या बाईंच्या कानावर त्यांचं बोलणं आपसूक पडत होतं.

“ताई, हे बाण कसले गं?”

“जर-तरचे. वीज गेली तर पंखा बंद पडतो. विजेकडून पंख्याकडे बाण.”

“आणि पंखा बंद असला, म्हणजे वीज गेली?”

“नाही रे. कुणी बटण बंद केलं असेल. बाण उलटा फिरवायचा नाही, सगळे तिथेच फसतात.”

“बरं. पेशंट सुधारला की वॉर्डात हलवतात ना?”

“हो.”

“सिस्टर म्हणाल्या, आईला संध्याकाळी वॉर्डात हलवणार. म्हणजे सुधारली ती.”

बाईंची विणायची सुई थांबली.

“ताई? बोल की. दुसरं काय कारण असणार?”

“मघाशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं.”

“काय म्हणाले?”

“तिथे आपल्याला सगळ्यांना तिच्याजवळ बसता येईल, म्हणाले.”

“मग बरंच झालं की. मामाला कळवू, आई सुधारली म्हणून?”

“मामाला म्हणावं, आजच्या आज निघ.”